शेतातली जीवसृष्टी खरोखर बदलली का, हे कसे तपासावे?

प्रश्न: गांडुळे पूर्वीइतकी दिसत नाहीत, बांधावरचे गवत बदलले आणि फवारण्या करूनही लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतोच आहे. हा बदल कायमचा की यंदापुरता?

उत्तर: एका हंगामावरून ठरवू नका. माती सुकली की गांडुळे खोल जातात. वर दिसली नाहीत म्हणजे संपली असे नव्हे. मोजणी दरवर्षी त्याच हंगामात, जमीन वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशी) असताना करा. शेतात नागमोडी चालत 10 ठिकाणी 20 सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा घ्या, माती गोणपाटावर काढून हाताने फोडा आणि गांडुळे वेचा. एका खड्ड्याच्या सरासरीला 25 ने गुणले की चौरस मीटरचा आकडा मिळतो. बांधालगत आणि उकिरड्याजवळ खड्डा घेऊ नका, तिथला आकडा फसवा असतो. मोठी, खोल बिळे करणारी गांडुळे वेगळी मोजा. वारंवार खोल नांगरट झाली की ती आधी घटतात.

गवतासाठी 1 मीटर लांब-रुंद चौकट पुरे. प्रत्येक जातीने चौकटीचा किती भाग व्यापला ते लिहा. नुसती रोपे मोजली तर जमिनीवर पसरत जाणाऱ्या हराळीचा हिशेब लागत नाही.

लाल कोळ्याचा संशय मात्र आधी फवारणीवरच घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातील औषधे लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी व ढालकिडे मारतात. लाल कोळी पानाखाली जाळीत बराचसा वाचतो आणि शत्रू उरले नाहीत की झपाट्याने वाढतो. 20 झाडांची वरचे, मधले व खालचे असे प्रत्येकी एक पान भिंगाखाली उलटून पाहा. लाल कोळी एका रकान्यात, मित्रकीटक दुसऱ्यात. फक्त कीड मोजलेल्या वहीतून कारण कधीच कळत नाही.

त्याच वाणाचा, त्याच दिवशी पेरलेला एक पट्टा फवारणीविना ठेवा. औषध उडून येते, म्हणून फवारलेल्या भागाला लागून असलेल्या काही ओळी मोजणीतून वगळा. बिनफवारणीच्या पट्ट्यात लाल कोळी कमी राहिला तर दोष बहुधा औषधाचा. दोन्हीकडे सारखाच वाढला तर उष्ण, कोरडी हवा आणि पाण्याचा ताण तपासा. त्यासाठी पाऊस, पाणी व फवारणीच्या तारखा त्याच वहीत हव्यात.

उपग्रहाच्या नकाशातला हिरवेपणा तणानेही वाढतो. कोणत्या कोपऱ्यात आधी जाऊन पाहायचे, एवढ्यापुरताच तो वापरा.