साहेबांची इम्युनिटी आणि तुमचा पगार

ताई, वॉशिंग्टनला परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जायचं ठरतंय असं तुम्ही लिहिलंत. एजंट सांगतो, "साहेबांना तिकडचा कायदा लागत नाही, आणि त्यांच्या घरात असाल तर तुम्हालाही पोलीस हात लावणार नाहीत." दोन्ही चूक. मी स्वतः ए-३ व्हिसावरच, म्हणजे राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरकामगारांच्या व्हिसावर, इथे आले, म्हणून सविस्तर लिहिते.

कायदा साहेबांना लागतोच. इथले नियम पाळणं १९६१च्या व्हिएन्ना करारानं, म्हणजे राजनैतिक संबंधांच्या आंतरराष्ट्रीय करारानं, त्यांच्यावर बंधनकारक केलंय. इम्युनिटीचा अर्थ एवढाच, की पदावर असेपर्यंत इथलं कोर्ट त्यांना सहसा उभं करू शकत नाही. तुमचा पगार बुडाला तर तुमचा हक्क शाबूत राहतो, वसुलीची वाट तेवढी अडते. तीही कायमची नाही. कुवेतच्या एका माजी अधिकाऱ्यावर भारतीय मोलकरणीनं दावा लावला होता. घरात नोकर ठेवणं हे सरकारी काम नव्हे, म्हणून पद सुटल्यावर ते संरक्षण उरत नाही, असं न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं.

साहेब दूतावासात आहेत की कॉन्सुलेटमध्ये, तेही विचारा. कॉन्सुलेटवाल्यांना फक्त कचेरीच्या कामापुरतं संरक्षण असतं. तिथल्या भारतीय कॉन्सुलेटच्या अधिकारी देवयानी खोब्रागडेंना डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला अटक झाली ती त्यामुळेच. आरोप होता घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्याचा. जानेवारीत त्यांना पूर्ण इम्युनिटी मिळाली, म्हणून मार्चमध्ये कोर्टानं आरोपपत्र रद्द केलं. पण तोवर त्या देश सोडून गेल्यानं ती इम्युनिटी संपली होती, म्हणून दोनच दिवसांत नवं दाखल झालं.

तुम्हाला स्वतःला इम्युनिटी नाही. हक्क मात्र भक्कम आहेत: लेखी करार, तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत, किमान वेतन, आणि पासपोर्ट स्वतःजवळ. माझा पासपोर्ट "सांभाळून ठेवते" म्हणत मॅडमनी कपाटात ठेवला, मीही भिडेपोटी दिला. सात महिने तो दिसला नाही. पुढे कामी आलं ते कालनिर्णय. दुधाचा हिशेब मांडतात तसे मी रोजच्या चौकोनात तास लिहायचे: सकाळी ६ ते रात्री ११. वकिलानं सगळ्यात आधी तेच मागितलं.

मुलाखतीला व्हिसा अधिकारी हक्कांची पुस्तिका देतात, २००८च्या कायद्यानं ती द्यावीच लागते. त्यातला मदतीचा फोन नंबर पाठ करूनच विमानात बसा. मोबाइल कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.