गेमचा सोर्स कोड फुटल्यावर : वाचकांचे प्रश्न

मी ऑनलाइन गेम खेळतो. गेमचा कोड फुटला, तर माझा पासवर्डही चोरांच्या हाती पडतो का? (विद्यार्थी, दर्यापूर)

केवळ कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेल्या गेमच्या मूळ सूचना, फुटल्याने पडत नाही. खेळाडूंची खाती सर्व्हरवर वेगळी साठवलेली असतात. एप्रिल 2020 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’चा कोड पसरला, तेव्हा गेम सुरू करताच संगणकात व्हायरस शिरेल, अशी आवई उठली होती, तो 2018 मध्येच फुटलेला जुना कोड असून घाबरण्याचे कारण नाही, असे हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्पष्ट केले.

आमच्या गेम पार्लरमध्ये मुले म्हणतात की, कोड फुटला की चीट वाढतात. खरे आहे का? (व्यावसायिक, वणी)

मुलांचे म्हणणे बरोबर आहे. चीट म्हणजे खेळाडूला गैरफायदा मिळवून देणारे प्रोग्राम. जानेवारी 2023 मध्ये रायट गेम्सकडून ‘लीग ऑफ लेजंड्स’चा आणि चीट रोखणाऱ्या एका जुन्या प्रणालीचा कोड चोरीस गेला, कंपनीने खंडणी नाकारली, परंतु नवे चीट निघण्याची शक्यता वाढल्याचे स्वतःच मान्य केले. एरवी चीट बनवणाऱ्याला तयार प्रोग्राम उकलत अंदाज बांधावा लागतो, तर मूळ कोड हाती असल्यास कोणती तपासणी नेमकी कोठे होते, हे त्याला सरळ वाचता येते. जे निर्णय सर्व्हर घेतो, ते त्यानंतरही बरेचसे सुरक्षित राहतात. खेळाडूच्या संगणकावर सोपवलेल्या गोष्टी मात्र उघड्या पडतात. त्यामुळे कंपनीला ते भाग नव्याने लिहावे लागतात आणि नियोजित अपडेट रखडतात. अर्थात, प्रत्येक विलंबाचे खापर चोरीवर फोडू नये : ‘हाफ-लाइफ 2’चा कोड 2003 मध्ये फुटला आणि गेम नोव्हेंबर 2004 मध्ये आला, पण मुळात तो तयारच झालेला नव्हता.

पार्लरच्या संगणकांवर ‘फुटलेला कोड’ म्हणून फिरणाऱ्या झिप फाइल मुळीच उघडू देऊ नका. त्या नावाखाली व्हायरस खपवणे फार सोपे असते.

अकोल्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या मुलाने असा कोड टेलिग्रामवरून अभ्यासासाठी उतरवला आहे. हा गुन्हा ठरेल का? (पालक, उमरखेड)

ठरू शकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच आहे आणि त्याची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास कलम 63ब खाली 7 दिवस ते 3 वर्षे कैद होऊ शकते. आर्थिक लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कैद टाळून दंड करू शकते. नोकरीचा विचार केल्यास धोका आणखी वेगळा आहे, कारण त्या कोडमधील तुकडा मुलाच्या कामात आढळला, तर त्याच्यासोबत कंपनीही खटल्यात ओढली जाईल. त्याला तो कोड पुसून टाकण्यास सांगावे. अभ्यासच करायचा असेल, तर ‘डूम’ या गेमचा कोड तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने 1997 मध्ये स्वतःहून खुला केला आहे, आणि गोदो हे गेम बनवण्याचे खुले सॉफ्टवेअर (इंजिन) गावाकडच्या मोबाइल हॉटस्पॉटवरही उतरवता येते.