विदर्भातल्या खेड्यात राहून महिन्याचा किराणा कमी पैशांत कसा भागवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची बदली आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत झाली, घरात चार माणसं आहेत, सगळा किराणा तालुक्याच्या मार्टमधून आणता आणि पुण्यात लागायचे तेवढेच पैसे इथेही लागतात. मी आर्वीकडची. घरी शेती आहे, आम्ही पाच जण. तुमचं बिल उतरत नाही, कारण डाळ, पीठ, तिखट, भाजी हे सगळं तुम्ही अजून पाकिटातूनच घेताय. आणि या चारही गोष्टी तुमच्या घराच्या आसपासच पिकतात.

ही चूक मीही केलेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही तूर निघाल्या निघाल्या सगळी व्यापाऱ्याला घातली. दोन महिन्यांनी मी मार्टमधून तूरडाळीची पाकिटं घेऊन आले. सासूबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "घरची तूर इकली अन् पाकिटातली दाय आनून राह्यली वं?" मला रडूच आलं, पण त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून वर्षाला लागते तेवढी तूर आम्ही आधी बाजूला काढतो आणि मगच बाकीची विकतो.

तुमची शेती नाही, म्हणून काही अडत नाही. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तेव्हा शाळेतल्या एखाद्या मुलाच्या घरूनच घ्या. आता बऱ्याच गावांत छोटी डाळ मिल असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल बचत गटांनीही घेतलेली आहे. क्विंटलभर तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते. चार माणसांना महिन्याला तीन-साडेतीन किलो धरा, म्हणजे साठ किलो तुरीत वर्ष निघतं. भरडाई द्यावी लागते, पण चुनी आणि टरफलं ढोरांना घालायला कोणीही घेतं. डाळ दोन कडक उन्हं देऊन, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरा, पोरकिडे होत नाहीत. गहू मार्च-एप्रिलमध्ये, मिरची त्याच सुमारास. देठं खुडून, वाळवून गिरणीतून तिखट करून आणा. एकदम पैसा घालायला जड जातं, मला माहीत आहे, म्हणून पहिल्या वर्षी फक्त डाळ करा.

आणखी एक. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, पीठ आणि तांदळावर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही.

मग मार्टमध्ये जायचंच नाही का? जायचं, पण महिन्यातून एकदा आणि जेवून. उपाशीपोटी गेलं की ट्रॉलीत बिस्किटं आणि शेव आपोआप येऊन पडतात. तेल, साखर, चहापत्ती, पोहे, रवा, साबण, डिटर्जंट एवढंच तिथून घ्या, यात छापील किमतीपेक्षा खरोखर स्वस्त मिळतं. तेलाच्या पाकिटाकडे मात्र नीट बघा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारी तसंच दिसणारं, दहा रुपयांनी स्वस्त पाकीट असतं आणि त्यावर बारीक अक्षरांत 850 नाहीतर 800 ग्रॅम लिहिलेलं असतं. मी कितीतरी महिने तेच "स्वस्त" तेल आणत होते. एमआरपीजवळ एका ग्रॅमची किंवा किलोची किंमतही छापलेली असते, ती ताडून पाहिली की फसगत होत नाही. एकावर एक फुकटची वस्तू आपल्या यादीत असेल तरच घ्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून "सहज चक्कर मारू" असं वाटतं, पण त्या सहज चकरेतच पाचशे रुपये जातात.

भाजी आठवडी बाजारातून घ्या, दिवे लागायच्या आधी. माल परत न्यायला नको म्हणून बाया वाटा मोठा करून देतात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी गोंधळ होईल. पावसाळ्यात तरोटा, काटवल या रानभाज्या येतात, हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे. ज्या आठवड्यात भाजी महाग, त्या आठवड्यात मुगाच्या वाळवलेल्या मुंगवड्यांचा रस्सा किंवा बेसनाच्या वड्यांची पातोडी करा. पालक, मेथी थोडीच असेल तर बेसन पाण्यात कालवून त्याचं आलण लावून वाढवा. उन्हाळ्यात मुंगवड्या घालायला शेजारणीकडून शिकून घ्या, त्या आनंदाने शिकवतील.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे प्राधान्य कुटुंबाचं राशन कार्ड आहे, त्यांना माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळतं. दारावर येणाऱ्या गाडीला तो तांदूळ कवडीमोलाने देऊन मार्टमधून दुसरा आणणारी घरं मी पाहिली आहेत आणि मला खरंच वाईट वाटतं. त्याच तांदळाचा गोळाभात करून पाहा. ताई, तुम्ही साध्या तांदळाचा करा. वाटीभर चण्याची डाळ रव्यासारखी जाडसर भरडायची. त्यात तिखट, हळद, मीठ, जिरं, हिंग आणि दोन चमचे गरम तेल. पाण्याचा हबका मारून घट्ट गोळे वळायचे. तेल कमी पडलं तर गोळा दगडासारखा होतो, तिथे काटकसर नको. दोन वाट्या तांदळाचा भात नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून चढवायचा, अर्धवट शिजला की गोळे वर ठेवून झाकण घालायचं आणि मंद आचेवर वाफ येऊ द्यायची. ताटात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वरून मोहरी, लाल मिरचीचं कडकडीत फोडणीचं तेल ओतायचं. सोबत कढी नाहीतर चिंचेचं सार. चार माणसं पोटभर जेवतात, आणि त्या दिवशी भाजी लागत नाही.