इंग्रजीतल्या 'डिमांड'ला पोलिश भाषेत काय म्हणतात?

एका शब्दात भागत नाही. कोण मागतंय आणि कशाच्या जोरावर, त्यावर शब्द बदलतो. ठणकावून मागायचं तर 'झोंदाच' (खंडणीही अशीच मागतात). हक्क सांगून लावून धरायचं तर 'दोमागाच शे'. 'या कामाला चिकाटी लागते' इथे 'विमागाच'. तिन्ही क्रियापदांचं कर्म षष्ठीत जातं, द्वितीयेत नाही. शिकणारे घसरतात ते इथेच. बाजारातली मागणी मात्र 'पॉपित', तिचा या क्रियापदांशी संबंध नाही. संपकऱ्यांच्या मागण्यांना 'पोस्तुलाती' म्हणतात. १९८० साली पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या संपात लाकडी फळ्यांवर लिहिलेल्या २१ मागण्या याच नावाने ओळखल्या जातात. देवनागरीतले उच्चार जवळपासचे समजा, 'झोंदाच'मधला 'झ' जीभ मागे वळवून म्हणतात.