‘एक मिसळ’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : माझी भाची आहारशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी तिने मला कालचे खाणे विचारले, तेव्हा पोळी-भाजी, वरण-भात आणि ‘एक मिसळ’ असे मी सांगितले. ती गेल्यावर आठवले, की तर्री दोनदा घेतली होती आणि चहाबरोबरचा चिवडा सांगायचा राहूनच गेला. अशा तोंडी माहितीवर संशोधक विसंबतात कसे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : डोळे झाकून विसंबत नाहीत. पडताळणीची सर्वांत भरवशाची पद्धत पाण्याची आहे. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-18 ही जड, पण किरणोत्सर्गी नसलेली समस्थानिके (अनुक्रमे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच वजनदार रूपे) असलेले पाणी व्यक्तीला पाजतात आणि पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने तपासतात. ड्युटेरियम केवळ पाण्यावाटे बाहेर पडते, तर ऑक्सिजन-18 उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. या दोन वेगांतील फरकावरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे काढता येते, आणि वजन स्थिर असेल तर पोटात गेलेली ऊर्जाही जवळजवळ तेवढीच असते. ‘बाराशे कॅलरींहून कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या काही लठ्ठ व्यक्तींची अमेरिकेत अशी तपासणी झाली. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी खाणे सरासरी 47 टक्के कमी आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगितल्याचे दिसले. त्या सर्वांना लबाड ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तर्री तुम्हीही विसरलातच.

प्रथिने किती खाल्ली हे पाहण्यासाठी चोवीस तासांच्या लघवीतील नायट्रोजन मोजतात, कारण तो मुख्यतः प्रथिनांतूनच येतो. मात्र ऊर्जा पावातून आली की शेवेतून, हे यांपैकी कोणतीच तपासणी सांगत नाही, म्हणून विचारणे टळत नाही. शिवाय हे पाणी महाग असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ते परवडणारे नाही.

भाचीला घरच्या घरी जमेल असा एक ताळा सांगतो. चौघांच्या घरात पाच लिटर तेलाचा डबा महिनाभर पुरत असेल, तर माणशी रोजचे सुमारे 42 मिलिलिटर होते. सांगताना मात्र आपण ‘दोन-तीन चमचे’ म्हणतो, म्हणजे फार तर 15. तळणीचे फेकलेले आणि पाहुण्यांच्या पोटात गेलेले तेल वजा केले, तरी एवढी तफावत सहसा भरून निघत नाही. तर्री आणि चिवडा तिला आजच कळवा आणि तर्रीची वाटी केवढी होती, तेही सांगा.