पीएचडी नसेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीत जाऊ नये का?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. टीवाय केमिस्ट्री चालू आहे, घरी निफाडला द्राक्षबाग आहे, एलसी-एमएस, म्हणजे द्रवातले पदार्थ वेगळे करून त्यांच्या रेणूंचं वजन मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री, शिकावंसं वाटतंय पण सिनियर म्हणतो पीएचडी नसेल तर तिथे नुसती बटणं दाबायला लागतात, म्हणून एमबीए करू का. माझं मत विचारशील तर एवढ्यात नको वळूस.

बटणं दाबत बसलेली मुलं मी पाहिलीयत, पण ती डिग्रीमुळे अडकत नाहीत, आयोनायझेशन, म्हणजे रेणूला विद्युतभार कसा मिळतो, तेच कळत नाही म्हणून अडकतात. कॉलेजात जीसी-एमएस, म्हणजे वायूवाला प्रकार, शिकवतात, तिथे पदार्थाची आधी वाफ व्हावी लागते. साखर कढईत तापवून बघ, वाफ होत नाही, करपते. प्रोटीन, बरीचशी औषधं तशीच. आणि २०१० ला युरोपात आपले द्राक्षांचे कंटेनर कशामुळे अडकले ते बाबांना विचार, ते क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायला मारतात ते, तुमच्याकडे सीसीसी म्हणतात, मुळात क्षारच आहे, त्याची वाफ कशी होणार! त्याला इलेक्ट्रोस्प्रे लागतो, म्हणजे बारीक सुईला तीन-चार हजार व्होल्ट, त्यातून फवारा, थेंब नायट्रोजनमध्ये सुकत फुटत जातात आणि अख्खा आयन मोकळा होतो, वजनाच्या पट्टीवर १२२ ला दिसतो, फोडला की त्याचा तुकडा ५८ ला. पण द्राक्षरसातली बाकीची द्रव्यं त्याच थेंबात गर्दी करतात, सिग्नल दबतो, मग नुसत्या सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डशी, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्याशी, तुलना केलीस तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून स्टँडर्ड बिनफवारणीच्या द्राक्षाच्या अर्कात बनवतात. हे का करतात ते ज्याला सांगता येतं त्याला मेथड डेव्हलपमेंटला, म्हणजे चाचणीच्या पद्धती बसवायच्या कामाला घेतात, मग पगारही वाढतो.

पीएचडीचं म्हणशील तर क्योटोच्या शिमाद्झु कंपनीतले कोइची तनाका बघ, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची साधी पदवी. १९८५ ला कोबाल्टच्या बारीक पावडरीत चुकून ग्लिसरीन पडलं, महाग पावडर टाकून द्यायची जिवावर आलं म्हणून तेच मिश्रण लेझरखाली धरलं आणि न तुटलेले मोठे रेणू दिसले. २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल, इलेक्ट्रोस्प्रेवाल्या जॉन फेन यांच्यासोबत! प्रत्येकाचं असं होत नाही गं, पण तो सिनियर म्हणतो तसा नियम नाहीये एवढं नक्की.

एमएस्सी मात्र कर, अ‍ॅनालिटिकल घे, कंपन्या तेवढं बघतातच. एमबीए नंतरही करता येतं. महागड्या कोर्सचे पैसे भरायच्या आधी पुण्या-नाशिककडच्या एखाद्या रेसिड्यू टेस्टिंग लॅबमध्ये, म्हणजे फळांवर उरलेले औषधांचे अंश तपासतात तिथे, महिनाभर इंटर्नशिप माग, मिळाली की पहिल्याच आठवड्यात सांग, सोर्स, म्हणजे तो फवारा होतो तो भाग, उघडून साफ करतात ना तेव्हा मला शेजारी उभं राहू द्या.