वाफ किती लागली, ते आधी विचारा

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ऑईल सँड्सबद्दल (बिटुमेन म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल मिसळलेल्या वाळूबद्दल) कॅलगरी, एडमंटन, फोर्ट मॅकमरेहून प्रश्न येतात, आता पुण्याहून आणि मस्कतहूनही येऊ लागलेत. विचारण्याची पद्धत वेगळी असली तरी गोंधळ तोच: जमिनीत वाफ सोडून हे तेल काढताना वाफ कमी लागली की खर्च आणि हरितगृह वायू दोन्ही एकदम कमी होतात का, आणि कोणाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? काही निवडक प्रश्न घेते.

प्रश्न : मॅडम, मी पेट्रोलियम इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाळू खणून धुतली की वाफेचा खर्चच उरत नाही. मग सगळीकडे खाणीच का नाहीत? (पुणे)

कारण बहुतेक बिटुमेन खणण्याइतकं वर नाहीच. साधारण 75 मीटरपर्यंतचं खाणीतून निघतं; काढता येण्याजोग्या साठ्यापैकी सुमारे 80 टक्के त्याच्या खाली आहे. आणि खाणीला ऊर्जा लागत नाही हा समज काढून टाक. वाळू धुवायला गरम पाणी लागतं, 400 टनी ट्रकना डिझेल लागतं, आणि मागे टेलिंग्जचे, म्हणजे धुतल्यावर उरलेल्या गाळ-पाण्याचे, तलाव उरतात.

प्रश्न : माझे मिस्टर एका सॅग-डी प्रकल्पावर आहेत. त्यांच्या कंपनीने नव्या पॅडचा (एका जागेवरून खणलेल्या विहिरींच्या गटाचा) स्टीम-ऑईल रेशो 4 वरून 2 वर आणल्याचं जाहीर केलं. म्हणजे प्रदूषण निम्मं झालं ना? (कॅलगरी)

लगेच तसं समजू नका. हा प्रश्न मला सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॅग-डी ही जमिनीत वाफ सोडून बिटुमेन काढण्याची पद्धत. तीत दोन आडव्या विहिरी साधारण 5 मीटर अंतराने एकीखाली एक असतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची. बिटुमेन तापून पातळ झालं की ते खालच्या विहिरीत उतरतं आणि पंपाने वर येतं. कल्पना इंजिनीअर रॉजर बटलर यांची. 1980च्या दशकात ऑस्ट्रा या प्रांतिक सरकारी संस्थेने फोर्ट मॅकमरेजवळ जमिनीखाली बोगदे खणून ती खरोखर चालते का, ते तपासलं. स्टीम-ऑईल रेशो म्हणजे एक बॅरल बिटुमेन काढायला किती बॅरल पाण्याची वाफ लागली. एक बॅरल पाण्याची वाफ करायला ढोबळमानाने 0.4 गिगाज्यूल गॅस जळतो आणि 20 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रेशो 4 असेल तर बॅरलमागे सुमारे 80 किलो, 2.5 असेल तर 50. गॅसचं बिल आणि चिमणीतला वायू एकाच आकड्याला बांधलेले आहेत. म्हणून हा रेशो उतरवणं हे या धंद्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण कुठला रेशो? विहिरींची जोडी सुरू करताना पहिले काही महिने दोन्ही विहिरींत नुसती वाफ फिरवतात. त्या काळात बिटुमेन जवळजवळ मिळतच नाही. मग जोडी भरात येते आणि आकडा सुंदर दिसतो. पुढे वाफेचा कप्पा, म्हणजे जमिनीखाली वाफेने भरलेली जागा, वरच्या खडकाला टेकला की उष्णता त्या खडकात मुरायला लागते आणि आकडा पुन्हा चढतो. जाहिरातीत येतो तो मधल्या भराच्या महिन्यांचा. मागायचा तो पहिल्या वाफेपासून आजपर्यंतचा, म्हणजे एकत्रित रेशो. नव्या पॅडचा उत्तम महिना आणि म्हाताऱ्या पॅडचा वाईट महिना शेजारी ठेवून कोणी सुधारणा सांगत असेल, तर ती तुलनाच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अल्बर्टात गॅस स्वस्त झाला की बॅरलमागे वाचणारा गॅस फक्त एखाद-दोन डॉलरचा असतो. मोठी बचत वेगळीकडे आहे. प्रकल्पातले बॉयलर ठरावीक क्षमतेचे असतात. रेशो खाली आला की वाफ मोकळी होते, ती नव्या जोड्यांना देता येते, आणि नवे बॉयलर न बांधता उत्पादन वाढतं. कंपनीसाठी हे उत्तमच. पण मग बॉयलर पूर्वीइतकेच धगधगत राहतात. बॅरलमागचं उत्सर्जन घटलं, चिमणीतून जाणारे एकूण टन तेवढेच राहिले. अल्बर्टाने 2016 मध्ये ऑईल सँड्ससाठी वर्षाला 100 मेगाटनांची मर्यादा कायद्यात घातली ती एकूण टनांवर, बॅरलमागच्या किलोंवर नाही. म्हणून पॅडबद्दल वाचताना एकत्रित रेशो आणि प्रकल्पाचे एकूण टन, दोन्ही पाहा. प्रत्येक योजनेत दरमहा किती वाफ गेली आणि किती बिटुमेन आलं, हे अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर प्रसिद्ध करतं. ते कुणालाही उघडून बघता येतं. मिस्टरांनी त्यांच्या रिझर्व्हॉयर (जमिनीखालचा तेलसाठा पाहणाऱ्या) विभागात हाच प्रश्न विचारावा.

प्रश्न : एक विक्रेता म्हणतो की सॉल्व्हंट सोडलं की वाफ जवळपास बंदच करता येते. आमच्या छोट्या सल्लागार कंपनीने त्याच्याबरोबर करार करावा का? (एडमंटन)

सॉल्व्हंट ही हवेतली गोष्ट नाही. प्रोपेन, ब्युटेन किंवा त्याहून जड हायड्रोकार्बन वाफेबरोबर सोडलं की ते बिटुमेनमध्ये विरघळतं, आणि कमी उष्णतेत बिटुमेन पातळ होतं. इंपीरियल ऑईल कंपनीने अल्बर्टातल्या कोल्ड लेकच्या ग्रँड रॅपिड्स प्रकल्पात 2024 मध्ये सॉल्व्हंट-साहाय्यित सॅग-डी व्यावसायिक पातळीवर सुरू केलं. पण तिथेही सॉल्व्हंट वाफेच्या जोडीला आहे. शब्द ‘साहाय्यित’ असा आहे, तो विक्रेत्याला दाखवा.

खरी मेख परत मिळण्यात आहे. सॉल्व्हंट विकत घ्यावं लागतं आणि बरेचदा ते बिटुमेनपेक्षा महाग असतं. जमिनीत राहिलेला प्रत्येक बॅरल म्हणजे गेलेला पैसा, आणि परत येण्याचा हिशेब काही महिन्यांत लागत नाही, त्याला वर्षं जातात. सहा महिन्यांच्या चाचणीवर ‘90 टक्के परत’ असं कोणी सांगत असेल, तर कशाचे 90 टक्के, कुठे मोजले, गॅसमध्ये मिसळून वर आलेलं धरलं की नाही, हे लेखी घ्या. शेजारी त्याच थराची, त्याच वयाची, सॉल्व्हंट न दिलेली जोडी तुलनेला होती का, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर सही करू नका. मिळालं तरी एपेगाची (अल्बर्टातल्या इंजिनीअरांच्या नियामक संस्थेची) नोंदणी असलेल्या, त्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या रिझर्व्हॉयर इंजिनीअरकडून तपासून घ्या.

प्रश्न : कार्बन टॅक्स रद्द झाला म्हणे. मग ऑईल सँड कंपन्यांनाही आता काही भरावं लागत नाही ना? (रेड डिअर)

लागतं. 1 एप्रिल 2025 पासून गेला तो पेट्रोल पंपावरचा आणि घरच्या गॅसवरचा. मोठ्या उद्योगांसाठी अल्बर्टाची टीयर ही उत्सर्जनावर पैसे आकारणारी व्यवस्था 2020 पासून आहे आणि चालू आहे. तुमचा व्यवसाय तिच्यात येतो का, हे कर सल्लागाराला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

प्रश्न : मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. महिनाअखेरीला सबकूल कमी करून उत्पादन ओढा, असा दबाव येतो. त्याने वाफही वाचते असं सांगतात. खरं आहे का? (फोर्ट मॅकमरे)

हे तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. इतरांसाठी सांगते: खालच्या विहिरीतल्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळेल, त्यापेक्षा तिथला द्रव किती थंड आहे, तो फरक म्हणजे सबकूल. फार जास्त ठेवला तर विहिरीवर थंड द्रव साचतो आणि उत्पादन मंदावतं. ओढून फार कमी केला तर वरची वाफ थेट खालच्या विहिरीत घुसते. वाफ वाचायच्या ऐवजी वाया जाते, पंप हिसके खातो, वाफेच्या माऱ्याने लायनरला (विहिरीतल्या वाळू अडवणाऱ्या नळीला) एका जागी भोक पडतं आणि वाळू आत यायला लागते. लायनर गेला की दुरुस्तीपर्यंत ती विहीर बंद, आणि थंडावलेला कप्पा पुन्हा तापवायला जळणारा गॅस वेगळा. एका महिन्याच्या अहवालासाठी एवढं मोल द्यायचं का?

योग्य आकडा पॅडनुसार बदलतो, तो मी इथून सांगणार नाही. विहिरीच्या पूर्ण लांबीवरचं तापमान दाखवणारी फायबर ऑप्टिकची नोंद असेल तर प्रॉडक्शन इंजिनीअरला शेजारी बसवून बघा. सरासरी ठीक दिसत असताना टाचेकडे (जिथे विहीर आडवी वळते तिथे) एखादी गरम जागा असू शकते. सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) बदलायची सूचना तोंडी घेऊ नका, लॉगमध्ये लिहून घ्या.

प्रश्न : क्वेस्ट बंद पडलं ना? आणि पाथवेजची (ऑईल सँड कंपन्यांच्या गटाची) कार्बन पाइपलाइन आली की बाकी कशाची गरज उरणार नाही, बरोबर? (कॅलगरी)

पहिल्याचं उत्तर: नाही. स्कॉटफर्डचं क्वेस्ट 2015 पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून दोन किलोमीटर खोल पुरतंय.

दुसऱ्याचंही नाही, आणि याचाच मला राग येतो. क्वेस्ट हायड्रोजन प्लांटमधला वायू पकडतं. तो दाबाखाली असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. सॅग-डीच्या बॉयलरचा धूर साध्या दाबाचा आणि पातळ, त्यातून तो वेगळा करणं बरंच महाग. कोल्ड लेककडे जाणाऱ्या सुमारे 400 किलोमीटरच्या पाथवेज वाहिनीची चर्चा 2021 पासून ऐकतेय. ती व्हावी, माझा विरोध नाही. पण ‘वाहिनी येणारच आहे’ म्हणून आज बॉयलरची उष्णता परत न वापरणं, जुन्या कप्प्यात वाफेऐवजी थोडा मिथेन सोडून दाब टिकवण्याचं काम पुढे ढकलणं, हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. जी वाफ केलीच नाही, तिचा कार्बन पकडावाही लागत नाही आणि जमिनीत गाडावाही लागत नाही.

प्रश्न : पुतण्याने ‘नेट झिरो बिटुमेन’ स्टार्टअपचे शेअर घ्यायला सांगितलेत, महिनाअखेरीची मुदत आहे. घेऊ का? (मिसिसागा)

मुदतीची घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला कागद दाखवा, आणि विकणाऱ्याची नोंदणी आहे का, हे प्रांताच्या सिक्युरिटीज कमिशनकडे तपासा.

प्रश्न : इथे ओमानमध्ये अमल क्षेत्रात आरशांनी उन्हावर वाफ करतात. अल्बर्टात का नाही? (मस्कत)

फोर्ट मॅकमरेत डिसेंबरचा दिवस जेमतेम सात तासांचा, ऊन तिरपं, आणि वाफ मात्र चोवीस तास लागते. तिथे गॅसवर चालणारं कोजनरेशनच जास्त उपयोगाचं: एकाच इंधनात वीज आणि वाफ. सौरवाफेचा प्रस्ताव कोणी आणलाच, तर त्याच्याकडून आधी फक्त जानेवारी महिन्याचा ऊर्जेचा ताळेबंद मागा आणि तो प्रकल्पाच्या प्रोसेस इंजिनीअरकडे द्या.